जुना नग परत पाठवू नये

१

इंटरनेटवरच्या कुठल्याही दुकानावर भिंगवाल्याचा पहिल्या दिवशी विश्वास बसत नसे, आणि खरं सांगायचं तर दुसऱ्या दिवशीही बसत नसे. हे टोपणनाव त्याला त्याच्या गटाने दिलं होतं. सिनेमाच्या डिस्क जमवणाऱ्या मंडळींचा तो गट. बोट टेकवलं की सिनेमा दिसतो अशा काळात ही माणसं तोच सिनेमा पत्र्याच्या चकचकीत डब्यात विकत घेतात, डब्याला लाडाने स्टीलबुक म्हणतात, आणि त्याच्या कोपऱ्याला साधा पोचा आला तरी त्यांना अन्न गोड लागत नाही. भिंगवाला खिशात खरोखरचं भिंग बाळगायचा. त्याची नोकरीही तशीच. विमा कंपनीसाठी ठोकलेल्या गाड्या तपासायच्या आणि कुठला पोचा अपघाताचा, कुठला आधीचाच, ते सांगायचं. गाडीमालकाने कितीही डोळ्यांत पाणी आणलं तरी याचं लक्ष पत्र्याकडे.

दुकान पारखायची त्याची रीत ठरलेली होती. आधी शिव्या वाचायच्या, कौतुक नंतर. कौतुक एकाच साच्यातलं वाटलं की दुकान बाद. मग दुकानाला मुद्दाम एखादा बावळट प्रश्न पाठवायचा आणि उत्तर माणसाने दिलंय की यंत्राने, ते बघायचं. मग एखादी स्वस्तातली डिस्क मागवायची. ती मऊ पाकिटात कोंबून आली की दुकानाचं नाव गटात जाहीर व्हायचं आणि पुढे कुणी तिकडे फिरकायचं नाही. गटातले लोक त्याला हसायचे, पण खरेदीला हात घालण्याआधी विचारायचे त्यालाच.

'जुनं-नवं' हे दुकान त्याला असंच चाळता चाळता सापडलं. त्याच्या बाबांनी उभा जन्म एका थिएटरात प्रोजेक्टर चालवण्यात घालवला होता, आणि त्या काळातला एक विनोदी सिनेमा तो बाबांसाठी वर्षानुवर्षं शोधत होता. कुठेच न मिळणारा तो सिनेमा इथे होता, स्टीलबुकमध्ये, कोराकरकरीत. भिंगवाल्याने सवयीने आधी शिव्या शोधल्या. एकही नव्हती. अभिप्राय सगळे पाच ताऱ्यांचे, आणि प्रत्येक वेगळ्याच माणसाने लिहिलेला, हे त्याच्या मुरलेल्या नजरेला दिसत होतं. त्याच्या मनात पाल चुकचुकली. एखादं गिऱ्हाईक तक्रार करत नाही हे समजू शकतो, पण सगळीच? पानाच्या तळाशी एक ओळ होती. 'दोष दाखवा, बदलून देऊ.'

मागवावं की नाही यात काही दिवस गेले. शेवटी तो डबा हातात आल्यावर बाबांचा चेहरा कसा होईल ते त्याच्या डोळ्यांसमोर आलं आणि त्याने बटण दाबलं.

२

पार्सल आलं ते खोक्यात खोकं, चारही कोपऱ्यांना फोम, वर घट्ट कागद. असं बांधलेलं पार्सल त्याने आजवर पाहिलं नव्हतं. उघडताना त्याने मोबाईल टेकवून सगळं चित्रीकरण केलं, मध्ये न थांबता. जमवणारे सगळेच करतात ते. नाहीतर दुकानदार म्हणतो, पोचा तुम्हीच पाडलात.

आणि पोचा होताच. खालच्या कोपऱ्याला, तांदळाच्या दाण्याएवढा. दुसऱ्या कुणाला दाखवूनही दिसला नसता.

बाबांना तर मुळीच दिसला नाही. त्यांनी डबा छातीशी धरला आणि लगेच गोष्ट सुरू केली. ती घरातल्या भिंतींनाही पाठ होती. याच सिनेमाच्या रिळांचे डबे एकदा उलटसुलट झाले, शेवटचं रीळ मध्येच लागलं, नायिकेचं आधी लग्न झालं आणि मग तिची नायकाशी ओळख झाली, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. गोष्ट तीच, पण मॅनेजर दरवेळी वेगळा. कधी तो धावत वर यायचा, कधी ऑफिसात घोरत असायचा, एकदा तर चक्क रडला होता.

"बाबा, ते नंतर. आधी मला फोटो काढायचाय," भिंगवाला म्हणाला.

चकचकीत पत्र्याचा फोटो काढणं हे एक काम असतं. समोर धरलं की फोटोत पोचा येत नाही, आपलंच नाक येतं. कुणीतरी डबा खिडकीकडे कलता धरावा लागतो. बायको कामावर होती, म्हणून बाबांना धरायला सांगितलं. बाबांचा उजवा हात गेली काही वर्षं कापायचा. फोटो हलला. पुन्हा काढला, पुन्हा हलला.

"बाबा, हात हलवू नका ना!"

"मी कुठे हलवतोय, शहाण्या? तो हलतो," बाबा म्हणाले आणि स्वतःच हसले.

भिंगवाल्याला हसू आलं नाही. त्याला चहा गार होत असल्याचा राग आला होता, आणि शेजारच्या खोलीत बाबांनी फुल्ल आवाजात लावून ठेवलेल्या टीव्हीचाही. दुकानाच्या पानावर फोटो टाकला की दोषाभोवती बोटाने गोल काढायचा होता. त्याने काढला. जाड बोटाने काढलेला गोल कोपऱ्यापुरता राहिला नाही, त्यात बाबांचा अंगठाही आला, मध्ये उभी चीर गेलेल्या नखाचा. जुन्या प्रोजेक्टरच्या झाकणात अंगठा सापडून ती पडली होती. पुसून पुन्हा काढायचा त्याला कंटाळा आला. खाली शेरा लिहायला जागा होती. त्याने लिहिलं, 'दोष लहान आहे, पण रोज डोळ्यांसमोर असतो, सहन होत नाही. हात कापतो, त्यामुळे असं झालंय.' त्याला म्हणायचं होतं फोटोबद्दल.

उत्तर तिथल्या तिथे आलं. 'दोष समजला. बदली उद्या सकाळपर्यंत होईल. जुना नग परत पाठवू नये. तो आम्ही नेऊ.'

३

सकाळी तो आधी कपाटाकडे गेला. डबा जागेवर होता. त्याने भिंग लावलं. कोपरा सरळ होता. पोचा ठोकून काढला की पत्र्यावर बारीक सुरकुती राहते, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? इथे सुरकुती नव्हती. हा दुसराच डबा होता.

"पार्सल तू घेतलंस का?" त्याने स्वयंपाकघरात डोकावून बायकोला विचारलं.

"कुठलं पार्सल? मी आत्ताच उठलेय."

"मग दार कुणी उघडलं?"

"अरे, कुणीच नाही. कडी अजून आतूनच लागलीय, बघ तूच."

त्याने बघितली. कडी लागलेली होती. मग त्याने कचऱ्याचा डबा पालथा घातला. खोकं नाही, फोम नाही, चिकटपट्टीचा तुकडाही नाही. बायको त्याची थट्टा करतेय का, या संशयाने त्याने तिची पिशवीही चाचपली आणि नंतर स्वतःचीच लाज वाटून ती जागच्या जागी ठेवली. काल आपण नीट पाहिलंच नसेल, सावली पडली असेल, असंही त्याने स्वतःला सांगून पाहिलं. पण कालचं चित्रीकरण मोबाईलमध्ये होतं. त्यात पोचा स्पष्ट दिसत होता.

तेवढ्यात त्याच्या लक्षात आलं की घर फार शांत आहे. फ्रिजची घरघर थांबली की आधी वाटतं तसं, काहीतरी बंद पडलंय, काय ते मात्र कळत नाही.

४

कळलं ते चहाच्या वेळी. बाबा रोज कपबशी घेऊन आपल्या खुर्चीपर्यंत जात, आणि त्या वाटेवर कप बशीवर असा काही वाजायचा की खालच्या मजल्यावरही बाबा उठल्याचं समजे. आज बाबा खुर्चीत बसलेले होते, चहा निम्मा झाला होता, आणि कप वाजला नव्हता.

बायकोच्या हातातला चमचा तसाच राहिला. ती व्यायामाने उपचार करणारी. सासऱ्यांच्या मुठीत रबरी चेंडू देऊन तिने वर्षानुवर्षं तो दाबून घेतला होता.

"बाबा, हात बघू," ती म्हणाली.

बाबांनी हात पुढे केला. तो टेबलावर ठेवलेल्या वस्तूसारखा हवेत स्थिर राहिला.

"आज बरं वाटतंय, सूनबाई," बाबा म्हणाले. "तो चेंडू ठेवून दे आता. तुला किती त्रास दिला मी."

बायकोला रडू फुटलं. डॉक्टरांनी गेल्या महिन्यात गोळ्या बदलल्या होत्या, त्यांचाच गुण म्हणायचा, असं ती दोनदा म्हणाली. भिंगवाल्यालाही आनंद व्हायला हवा होता. तो बाबांकडे बघत राहिला. बाबांनी कप बशीत ठेवला, अगदी मधोमध, आणि आवाज झाला नाही.

"टीव्ही लावू का?" त्याने विचारलं.

"नको बाळा. तुम्हा दोघांना त्रास होतो."

आजवर बाबांनी त्याला शहाण्या म्हटलं होतं, गाढवा म्हटलं होतं, रागात असले तर काय काय म्हटलं होतं. बाळा कधीच म्हटलं नव्हतं.

५

माणसाचं असं असतं, की शंका आली तरी ती स्वतःपाशीही बोलून दाखवायची लाज वाटते. बाप बरा झाला तर लेकाने पेढे, निदान बिस्किटं तरी वाटावीत. हा मात्र घरात पाय न वाजवता हिंडू लागला. बाबा झोपले की दाराशी उभा राहायचा. बाबा घोरत नव्हते. बाबा खोकत नव्हते. चष्मा टेबलावर पडून होता आणि बाबा वर्तमानपत्र वाचत होते.

एका दुपारी नखं कापून देतो असं सांगून त्याने बाबांचा अंगठा हातात घेतला आणि भिंग लावलं. नख सलग होतं. चिरेची खूणसुद्धा नव्हती.

"नखं वाढतात रे," बायको म्हणाली.

"इतक्या वर्षांत नाही वाढलं ते?"

ती त्याला खोलीबाहेर घेऊन आली. मग दार लोटून हळूच म्हणाली, "असा हात बरा होत नाही. मला माहितीये, माझं कामच आहे ते. पण झालाय ना? मी काही विचारणार नाही आणि तूही विचारू नकोस."

पण गप्प बसेल तो भिंगवाला कसला. एकच सिनेमा दोन कारखान्यांत छापला जातो तेव्हा दोन्ही डिस्क शेजारी लावून फरक शोधतात, तसं करायचं त्याने ठरवलं. बाबांजवळ बसून तो म्हणाला, "बाबा, ती रिळांची गोष्ट सांगा ना."

बाबांनी सांगितली. कुठेही न अडखळता, सुंदर. मॅनेजर धावत वर आला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. भिंगवाल्याने मोबाईल खिशात चालू ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी त्याने पुन्हा विचारलं. पूर्वी बाबा म्हणाले असते, काल तर सांगितली, कान विकलेस का? आता त्यांनी लगेच सुरुवात केली. मॅनेजर धावत वर आला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

त्याने बाथरूममध्ये जाऊन दोन्ही आवाज एकत्र लावले. एकच आवाज ऐकू आला. शब्द शब्दावर बसला, थांबणं थांबण्यावर, आणि मॅनेजरच्या नावाआधी घेतलेला श्वास श्वासावर. नळ सोडून तो कितीतरी वेळ तिथेच बसून राहिला. त्याला भीती वाटत होती, आणि भीतीपेक्षा जास्त, बाबा कुठे असतील, त्यांना कुणी जेवायला घातलं असेल का, ही काळजी पोखरत होती.

६

गटात 'डबल' नावाचा त्याचा एक दोस्त होता. प्रत्येक डिस्क तो दोन घ्यायचा, एक बघायला आणि एक न उघडता ठेवायला, म्हणून डबल. च्यायला म्हटल्याशिवाय त्याचं वाक्य सुरू व्हायचं नाही आणि संपायचंही नाही. ती सवय सुटावी म्हणून त्याच्या बायकोने देव पाण्यात घालायचे तेवढे बाकी ठेवले होते. जुनं-नवंचं नाव गटात पहिल्यांदा निघालं तेव्हा, मी मागवतो रे च्यायला, असं डबल म्हणाला होता. भिंगवाल्याने दुपारच्या सुट्टीत त्याला फोन लावला.

"तू त्या दुकानातून काही मागवलंस?"

"हो, मागवलं ना. उत्तम दुकान आहे," डबल म्हणाला.

"काही... वेगळं वाटलं?"

"वेगळं काय वाटायचं? एका डब्याला ओरखडा होता. बायकोनेच तक्रार केली, फोटो वगैरे काढून. लगेच बदलून दिलं. तक्रारीला जागाच ठेवत नाहीत."

भिंगवाला वाट बघत राहिला. पलीकडून शांत, नीटस श्वास ऐकू येत होता.

"अरे, एक शिवी दे," तो म्हणाला. "माझ्यासाठी. एकदाच च्यायला म्हण."

"असं कशाला बोलायचं?" डबल म्हणाला. "तुझी तब्येत बरी आहे ना? घरी सगळे बरे आहेत ना?"

७

दुकानाच्या पानावर एका कोपऱ्यात 'वापरलेले नग' असा भाग होता. जमवणारी माणसं तिकडे सहसा जात नाहीत. दुसऱ्याने हाताळलेला डबा कोण घेणार? भिंगवाल्याने गाडीत बसूनच तो उघडला. डबे, डबे आणि डबे. प्रत्येकाला काही ना काही झालेलं. आणि प्रत्येक डबा कुणीतरी हातात धरलेला.

तो खाली सरकत गेला. मग त्याचं बोट थांबलं.

सिनेमा तोच. खालच्या कोपऱ्याला तांदळाएवढा पोचा. डबा एका खिडकीकडे कलता धरलेला होता. खिडकी त्याच्या घरातली नव्हती, पडदा कुणाचा तरी वेगळाच होता. फोटो हलला होता. तरीही अंगठा ओळखू येत होता, नखातली उभी चीरसुद्धा. अंगठ्याच्या वर, काळोख्या पत्र्यात, कुणाचा तरी चेहरा उमटला होता. धरणाऱ्याचा. तो मोठा करून बघायला गेला तर चेहऱ्याचे चौकोन चौकोन झाले, आणि त्यांतून कपाळ तेवढं दिसलं. वर्णनात लिहिलं होतं, 'कोपऱ्याला पोचा. थरथर आहे. बाकी उत्तम स्थिती.'

"बाबा," तो गाडीत एकटाच म्हणाला.

त्याने विकत घ्यायचं बटण दाबलं. पान गोल गोल फिरत राहिलं. मग अक्षरं आली. 'हा नग नुकताच विकला गेला आहे.'

त्याने लिहिलं, 'तो नग माझा आहे. मला परत हवा. वाटेल ते मागा.'

उत्तर तिथल्या तिथे. 'विकलेला नग परत मागवता येत नाही. आपल्याकडच्या सध्याच्या नगात दोष असल्यास दाखवा, बदलून देऊ.'

८

घरी पोचला तेव्हा ऊन अजून खिडकीत होतं. बाबा खुर्चीत ताठ बसले होते. त्याच्या हातात मोबाईल बघून त्यांनी वर्तमानपत्र घडी करून बाजूला ठेवलं.

"फोटो काढायचाय का?" त्यांनी विचारलं, आणि न सांगता खुर्ची खिडकीकडे थोडी कलती केली, चेहऱ्यावर चकाकी येऊ नये अशी. "असा बसू? हात कुठे ठेवू?"

भिंगवाल्याने मोबाईल वर केला. आयुष्यभर त्याने दोषच शोधले होते. लोकांच्या गाड्यांत, डब्यांत, बायकोच्या स्वयंपाकात, बापाच्या हातात. आता तो शोधत राहिला. कपाळ, कान, मान, बोटं. सगळं नीट होतं.

"काही कमी आहे का रे माझ्यात?" बाबांनी विचारलं. अगदी मायेने विचारलं.

त्याने फोटो काढला. तो हलला होता. त्याचा स्वतःचाच हात कापत होता. हा फोटो दुकानाला पाठवला तर ते कुणाचा दोष समजतील, हे त्याच्या डोक्यात आलं आणि त्याने घाईघाईने फोटो पुसून टाकला. कुणाला दिसू नये म्हणून तो हात त्याने खिशात घातला.

त्यानंतर त्याने तक्रार केली नाही. गटात लोक विचारत, जुनं-नवं कसं आहे, घ्यावं का? तो उत्तर देत नसे, आणि त्याचं मौन म्हणजे होकार असं समजून लोक मागवत. तो फक्त त्या विकल्या गेलेल्या डब्याचं पान रोज उघडून बघायचा. शेजारच्या खोलीत काही वाजायचं नाही. बायको म्हणायची, किती शांत झालंय घर, आणि म्हणताना त्याच्याकडे बघायची नाही.

एका सकाळी त्या पानावर अभिप्राय आलेला होता. पाच तारे. कुणा बाईने लिहिला होता.

'वर्णनाप्रमाणेच मिळालं. आमच्या घरात म्हातारं माणूस नव्हतं, ते कधीचं हवं होतं. मुलं तर त्यांना सोडतच नाहीत. चहा सांडतो म्हणून धाकटी दोन्ही हातांनी त्यांचा कप धरते आणि दोघंही हसतात. टीव्ही फार मोठ्याने लावतात, आम्ही लावू देतो. रोज दुपारी दारापाशी खुर्ची ओढून बसतात आणि विचारतात, शहाणा आला का? हा कोण ते आम्हाला कळलं नाही. हल्ली विचारणं कमी झालंय. परत करायचा प्रश्नच नाही.'